कुशल कामगार घडवावा लागतो : आयटीआयची पंच्याहत्तर वर्षे आणि शहापूर-मुरबाड

शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेला २०२५ मध्ये पंच्याहत्तर वर्षे झाली. देशातली प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्था, लोकांच्या तोंडी असलेली ‘आयटीआय’, ही याच योजनेतून उभी राहिली. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या दोन ग्रामीण तालुक्यांत आज शासकीय आयटीआय आहेत. त्यांचा इतिहास कोनशिला आणि प्राचार्यांच्या नामफलकावरून सांगता येत नाही. त्यासाठी योजना का जन्माला आली, ती कारखान्यांच्या किती जवळ राहिली, किती दूर गेली आणि डोंगरकपारीतल्या पाड्यांपर्यंत कशी पोचली, हे सगळे सांगावे लागते.

हा इतिहास या स्मरणिकेत आजच लिहिण्याची गरज आहे, कारण एकाच तालुक्यात दोन विरुद्ध चित्रे दिसतात. कारखान्याच्या फाटकावर ‘फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन पाहिजेत’ असा फलक असतो आणि त्याच तालुक्यातला दहावी झालेला मुलगा मजुरीसाठी कल्याणच्या नाक्यावर उभा असतो. या दोघांची गाठ घालून देणे हे आयटीआयचे काम. ज्या काळात कारखान्यांनी या कामात हात दिला, त्या काळात गाठ पडली. ज्या काळात ते बाजूला राहिले, त्या काळात फलक आणि मुलगा दोघेही जागच्या जागी राहिले. पंच्याहत्तर वर्षांच्या वाटचालीचे सार एवढेच आहे.

आयटीआयच्या आधी

या भागाला मोठी कामे नवी नाहीत. १८५५ मध्ये रेल्वे वासिंदपर्यंत आली, १८६१ च्या आरंभी कसाऱ्याला पोचली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीकडे गेली. १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. पुढे मोडकसागर झाले, भातसा झाले, मध्य वैतरणा झाले. मुंबईची तहान भागवणारा तालुका म्हणून शहापूरची ओळख झाली. या सगळ्या कामांवर इथल्या माणसांनी घाम गाळला, पण कसबाचे काम बहुतांशी बाहेरून आलेल्या मिस्त्री-फोरमनकडे राहिले. स्थानिकांच्या वाट्याला खोदाई, खडी आणि पाटी आली. काम संपले, मिस्त्री पुढच्या कामावर गेला आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही गेली.

कसब इथे नव्हते असे मात्र नाही. गावचा सुतार, लोहार, कुंभार पिढ्यान्‌पिढ्या आपले काम चोख करत आले. मुलगा बापाच्या शेजारी बसून शिकत होता. यंत्रयुगाने या शिक्षणात दोन गोष्टींची भर मागितली. एक म्हणजे कागदावरचे ड्रॉइंग वाचून वस्तू बनवणे. दुसरी म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या मापात काम करणे. त्यासाठी शाळा लागते. मुंबईत अशी शाळा १८८७ मध्ये भायखळ्याला निघाली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट हे तिचे नाव, आपली आजची व्हीजेटीआय. गिरण्यांना आणि यंत्रशाळांना तिने माणसे दिली. पण ती मुंबईची संस्था होती. माळशेज घाटाखालच्या मुलाला तिथवर पोचण्याची वाट नव्हती.

युद्धाने शिकवलेला धडा

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारला तोफा, गाड्या, विमाने दुरुस्त करणारी माणसे हजारोंनी हवी होती आणि ती तयार मिळेनात. म्हणून १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षणाची युद्धकालीन योजना सुरू झाली. १९४१ पासून काही भारतीय कामगारांना प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले. ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना ‘बेव्हिन बॉईज’ म्हणत. शेतकऱ्या-कामकऱ्याच्या मुलाला काही महिने नीट शिकवले, तर तो यंत्रावर उभा राहू शकतो, हे त्या निकडीने सरकारला दाखवून दिले.

युद्ध संपत आले तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. आधी सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना आणि फाळणीनंतर निर्वासितांना हाताचे काम शिकवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. आपल्या शेजारीच कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित उतरले होते. १९४९ मध्ये त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. उखडून आलेल्या माणसाला मदतीइतकीच गरज हुन्नराची असते, हे त्या काळाने जवळून पाहिले. १९५० मध्ये हे शिक्षण सर्व नागरिकांना खुले झाले आणि शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली.

१९५६ मध्ये शिवराव समितीच्या शिफारशींनुसार आयटीआयचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. व्यवसायांचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्रे देशभर एकसारखी राहावीत म्हणून राष्ट्रीय परिषद नेमली गेली. १९६९ पासून आर्थिक सूत्रेही राज्यांकडे आली. मुरबाडच्या मुलाने मिळवलेले प्रमाणपत्र जमशेदपूरला किंवा चेन्नईला चालते, याचे मूळ या व्यवस्थेत आहे. गरिबाच्या मुलाच्या हाती देशभर चालणारा दाखला देणारी अशी दुसरी व्यवस्था सहज सापडणार नाही.

कारखान्याच्या आत शाळा

१९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी अधिनियम संसदेने संमत केला. वर्गात शिकलेल्याला कारखान्यात ठरावीक काळ विद्यावेतनावर ठेवून पक्के करावे, ही त्याची भूमिका. १९७३ मध्ये पदवी आणि पदविकाधारक अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. १९६२ च्या १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवली, अंबरनाथपर्यंत औद्योगिक वसाहती बसल्या. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९५३ ची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, मोहन्याची नॅशनल रेयॉन, शहाडची सेंच्युरी रेयॉन असा मोठा पट्टा कल्याणभोवती उभा राहिला. वासिंद-आसनगावहून लोकलने आणि मुरबाडहून एसटीने माणसे पाळ्यांना जाऊ लागली.

त्या पिढीतल्या मोठ्या कारखान्यांची आणि रेल्वे वर्कशॉपची एक चांगली रीत होती. ते माणूस घ्यायचे आणि स्वतः घडवायचे. नवा मुलगा जुन्या फिटरच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे राहायचा. जुनाजाणता कामगार निवृत्त व्हायच्या आत त्याच्या हातातली खुबी पुढच्या हातात गेलेली असायची. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत या पट्ट्यातले अनेक मोठे कारखाने आजारी पडले किंवा बंद झाले. त्यांच्याबरोबर रोजगार गेला, त्याचे दुःख सर्वांनी बोलून दाखवले. त्यांच्या आतली शाळाही बंद झाली, याची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली. आजच्या टंचाईचे एक मूळ तिथे आहे.

त्यांच्या जागी लहान-मध्यम कारखाने आले. वीस-पंचवीस माणसांच्या कारखानदाराची अडचण खरी असते. आपण खर्च करून मुलाला शिकवले आणि दोन हजार जास्त देऊन शेजारच्याने त्याला नेले, तर आपले काय, असा विचार तो करतो. शेजारचाही तोच विचार करतो. परिणामी कोणीच शिकवत नाही आणि सगळेच तयार माणूस शोधतात. ही कोंडी एकट्या कारखानदाराला फोडता येत नाही. सर्वांनी मिळून चालवायची, सर्वांसाठी माणूस तयार करणारी एक संस्था लागते. आयटीआयचे आजचे महत्त्व इथे आहे.

तालुक्यात आयटीआय

१९८४ मध्ये राज्यात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय स्वतंत्र झाले. तालुका तिथे आयटीआय हे धोरण महाराष्ट्राने धरले आणि आज राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. शहापूर आणि मुरबाडच्या संस्था या धोरणातून उभ्या आहेत. मुलाला शिकायला ठाण्याला किंवा अंबरनाथला खोली करून राहावे लागत होते, ती वेळ पुष्कळ घरांवरून टळली.

त्याच सुमारास उद्योगही तालुक्यात आले. वासिंदला पोलादी पत्र्यावर जस्ताचा आणि रंगाचा थर चढवणारा जिंदाल समूहाचा कारखाना आहे. मुरबाडला एमआयडीसी आहे. जवळच धानिवली परिसरात टेक्नोक्राफ्टसारखी कंपनी पिंपांची झाकणे, बांधकामाचे स्कॅफोल्डिंग आणि सूत बनवून परदेशी पाठवते. आसनगाव, आटगाव भागात लहानमोठ्या कारखान्यांची रांग आहे. भिवंडी-पडघ्याची गोदामे शहापूरच्या वेशीपर्यंत येऊन भिडली आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुका थेट नागपूरच्या रस्त्यावर आला.

पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण आणि आदिवासी भागाचा मोठा भार या दोन तालुक्यांवर आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली समाजाचे पाडे डोंगरांच्या कुशीत आहेत. मुरबाडला अजून रेल्वे नाही. टोकावडे किंवा धसईच्या आतल्या पाड्यावरून सकाळच्या प्रात्यक्षिकाला यायचे तर पहिली एसटी गाठावी लागते आणि ती चुकली की दिवस बुडतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा तिथेच अडखळते. आश्रमशाळेतून दहावीपर्यंत पोचलेला मुलगा आयटीआयच्या दारात येतो तेव्हा तो घराण्यातला पहिला दहावी झालेला असू शकतो. त्याचा प्रवेशअर्ज संगणकावर भरून देण्यापासून वसतिगृहाची सोय लावण्यापर्यंत निदेशकाला, म्हणजे आयटीआयतल्या शिक्षकाला, त्याच्यासोबत चालावे लागते. दोन्ही तालुक्यांच्या संस्थांचे हे काम कुठल्याही निकालपत्रकात दिसत नाही, म्हणून ते इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

बाकावरचे शिक्षण

आयटीआयत नेमके काय शिकवतात, हे बाहेर अनेकांना माहीत नसते. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिल्या दिवसांत मुलाच्या हाती यंत्र देत नाहीत, कानस देतात. बाकाच्या शिकंज्यात लोखंडाची पट्टी आवळायची, पाय योग्य अंतरावर ठेवायचे, कोपर आणि कानस एका रेषेत आणायची आणि पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा. आधी खरबरीत कानस, मग मध्यम, शेवटी गुळगुळीत. थोडे घासले की गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरायची. गुण्या आणि पट्टी यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की पृष्ठभाग अजून सपाट नाही. पुन्हा घासायचे. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात.

मग येते मेल-फिमेल फिटिंग. एका तुकड्यात खाच, दुसऱ्यात तिला बसणारा भाग. दोन्ही हाताने केलेले आणि एकमेकांत सरकून बसले पाहिजेत. व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंतचे माप मुलगा इथे वाचू लागतो. जोड पहिल्यांदा बिनफटीचा बसतो तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येते ते ज्याने पाहिले त्याला या संस्थेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. भाषा आणि गणितात मागे पडलेला मुलगा आपल्या हातावर विश्वास ठेवायला शिकतो. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रापुढे उभे राहिल्यावरही हीच समज कामी येते. यंत्र सांगितलेले काप घेते, पण माप बिघडले का आणि कशामुळे, हे ओळखायला माणूस लागतो.

वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. विद्युत-कमानीची (आर्कची) लांबी, विजेचा प्रवाह, हाताची गती या तिन्हींचा मेळ साधला नाही तर सांधा वरून चांगला दिसतो आणि आतून पोकळ राहतो. वर साचलेला मळ (स्लॅग) झाडून सांधा तपासायची सवय इथे लागते. स्कॅफोल्डिंगच्या एका सांध्यावर उंचावर काम करणाऱ्या माणसाचा जीव असतो. मुरबाडच्या मुलाला ही जबाबदारी शिकवणे म्हणजे कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या गवंड्याचे रक्षण करणे आहे.

अभियंता आणि कारागीर यांच्यामध्ये

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या लाटेचे पुढचे पाणी आपल्याकडेही आले. आसनगाव, सापगाव, आघई इथे खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. आदिवासी तालुक्यात अभियंता होण्याची सोय झाली, ही मोठी गोष्ट. तरी कारखानदारांची तक्रार कायम राहिली की पदवी असते आणि हात नसतो. दुसरीकडे ज्याला हात आहे त्या आयटीआयवाल्याला वर चढायची शिडी फार काळ दिसत नव्हती.

ती शिडी आज आहे. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात. कानस चालवलेला मुलगा अभियंता झाला तर कारखान्याला तो किती उपयोगी पडेल, हे वेगळे सांगायला नको. पण ही वाट पाड्यावर फारशी माहीत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी ती प्रत्येक आश्रमशाळेत सांगितली गेली पाहिजे.

हात आणि शिक्षण जोडण्याच्या बाबतीत पाबळचा धडा मोलाचा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातले पद सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती एकत्र शिकवली आणि ग्रामीण शाळांच्या वेळापत्रकात हाताच्या कामाचा विषय नेला. हाताने काम करताना बुद्धी वाढते, हे त्यांनी करून दाखवले. आयटीआयच्या आधीच्या वर्गांत, आठवी-नववीत ही गोडी लागली तर पुढची वाट सोपी होते.

कारखानदार संस्थेत आले

२००७ पासून केंद्र सरकारने १,३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारण्याची योजना आणली. प्रत्येक संस्थेसाठी संस्था व्यवस्थापन समिती, अध्यक्षपदी उद्योगाचा प्रतिनिधी, सचिव प्राचार्य आणि अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज. कारखानदार टेबलाच्या या बाजूला बसला. २०१६ मध्ये दुहेरी प्रशिक्षण पद्धत आली. वर्ग आयटीआयत आणि प्रात्यक्षिकाचा काही भाग कारखान्याच्या यंत्रावर. जर्मनीत ही पद्धत जुनी आहे. तिथे १९६९ च्या कायद्याने तिला देशव्यापी चौकट दिली आणि अनेक मुले शाळेनंतर आधी एखाद्या कंपनीशी शिकाऊपणाचा करार करतात. त्याच जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०२४ मध्ये महाराष्ट्राशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. आपल्या मुलांना बाहेरून मागणी येते आहे आणि आपल्या एमआयडीसीतली पदे रिकामी आहेत, याचा विचार इथल्या उद्योजकांनी करायला हवा.

२०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, दरमहा कमाल १,५०० रुपये, सरकारने उचलला. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. आयटीआयतल्या मुलांना राज्याकडून कित्येक वर्षे महिना ४० रुपये विद्यावेतन मिळत होते. २०२३ मध्ये ते ५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. एसटीचा पास आणि दुपारचा डबा यांचा हिशेब करणाऱ्या घराला या रकमेचा अर्थ कळतो.

उणे राहिले ते

स्मरणिकेत फक्त गौरव लिहिला तर ती पुढच्या पिढीच्या कामाची राहणार नाही. राज्यभरच्या आयटीआयत निदेशकांची पदे रिकामी राहतात. एक निदेशक दोन तुकड्या सांभाळतो तेव्हा बाकावरच्या मुलाच्या हाताकडे बघायला त्याला वेळ मिळत नाही. कारखान्यात नवी यंत्रे येतात आणि कार्यशाळेत जुनीच राहतात. मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत, पण शिवणकाम आणि संगणकापलीकडे फिटर-इलेक्ट्रिशियनच्या बाकावर मुली अजून थोड्या दिसतात. त्यामागे पाळीच्या वेळेची, वाहनाची आणि कारखान्यातल्या स्वच्छतागृहाची खरी अडचण आहे.

उद्योगाकडेही बोट दाखवले पाहिजे. कुशल माणूस मिळत नाही म्हणणारे अनेकजण आयटीआय झालेल्या मुलाला ठेकेदारामार्फत हेल्परच्या पगारावर घेतात आणि वर्षानुवर्षे तिथेच ठेवतात. असा मुलगा दुसऱ्या वर्षी भिवंडीच्या गोदामात पार्सल उचलायला जातो, कारण तिथे तेवढेच पैसे मिळतात आणि आगीजवळ उभे राहावे लागत नाही. दोन वर्षांचे शिक्षण वाया जाते आणि टंचाई आणखी वाढते. कौशल्याला वेगळा दर मिळाल्याशिवाय कौशल्य शिकायला मुले येणार नाहीत.

पुढची वाट

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने एक हजार शासकीय आयटीआयच्या सुधारणेसाठी साठ हजार कोटी रुपयांची पीएम-सेतू योजना सुरू केली. दोनशे मोठ्या संस्था केंद्रस्थानी आणि त्यांना जोडलेल्या आठशे, अशी तिची रचना आहे. अशा योजनेचा लाभ मोठ्या शहरांतच अडकू नये यासाठी शहापूर-मुरबाडने आपली मागणी तयार ठेवली पाहिजे. ती मागणी अवघड नाही. पाड्यांच्या वेळेशी जुळणारी एसटी, मुलींसह सर्वांना पुरेल असे वसतिगृह, भरलेली निदेशक पदे, एमआयडीसीतल्या यंत्रांवर दर आठवड्याला प्रात्यक्षिकाचे दिवस, आणि शिकाऊ उमेदवारी संपवलेल्या मुलाला कारखान्यात कुशल कामगाराचा दर्जा व दर.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी करायला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. मुरबाडच्या आणि आसनगावच्या कारखानदारांनी एकत्र बसून, प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे शिकाऊ उमेदवार स्थानिक आयटीआयमधून घ्यायचे आणि एकमेकांचे शिकवलेले पळवायचे नाहीत, एवढे ठरवले तरी तीन वर्षांत फरक दिसेल. १९४० मध्ये युद्धाच्या निकडीने जे झाले ते आज रोजगाराच्या निकडीने होऊ शकते. आयटीआयची दारे उघडी आहेत, आहेत ते निदेशक तयार आहेत, पाड्यावरची मुले येत आहेत. या वर्षी प्रवेश घेणाऱ्या तुकडीचा पहिला शिकाऊ करार तालुक्यातल्याच कारखान्यात व्हावा, यासाठी ही स्मरणिका प्रत्येक कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर पोचवण्याची जबाबदारी आपण सर्वांनी घेऊया.